मदत हवी आहे: एक्झॉटिका ट्रॅकमध्ये रिव्हर्ब (गुंज देणारा इफेक्ट) लावला की सगळं गढूळ होतंय

मंडळी, १९५०च्या दशकात होनोलुलूत वाजायचं तसं एक्झॉटिका (बेटं-जंगलांची हवा आणणारं लाउंज संगीत) इन्स्ट्रुमेंटल घरीच करतोय. सी मायनर, टेम्पो ९२. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि पियानो मिडीवरचे, म्हणजे कॉम्प्युटरमधले, बोंगो नि गुइरो (खरवडून वाजवायचं वाद्य) खरे, आणि पक्ष्यांचे आवाज तोंडानेच काढलेत, कारण तेव्हाचे वादकही स्टेजवर तेच करायचे आणि त्यातच तर खरी मजा आहे, म्हणून त्याचे सॅम्पल सुचवू नका प्लीज.

व्हायब्राफोनवादक आर्थर लायमनची रेकॉर्डिंग्ज होनोलुलूच्या वाइकिकीतल्या उद्योगपती कायझरच्या अ‍ॅल्युमिनियम डोममध्ये झालेली, त्या घुमटाची नैसर्गिक गुंज मला फार आवडते, तशी हवा पाहिजे. म्हणून सगळ्या ट्रॅकना ३ सेकंदांचा हॉल रिव्हर्ब दिला तर बोंगोची थाप पुसट होते आणि व्हायब्राफोनचे खालचे सूर पियानोत मिसळून नुसता गोंगाट. रिव्हर्बमधून २५० हर्ट्झखालचं कापलं, थोडा फरक पडला. डीके (गुंज विरायला लागणारा वेळ) दीड सेकंदावर आणला तर सगळं स्वच्छ, पण मग डोम गेला, कपाटात वाजवल्यासारखं वाटतं. व्हायब्राफोनचा ट्रेमोलो (आवाजाची थरथर) कमी करून बघितला, त्याने काही झालं नाही.

रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वापरतो, एकच कंडेन्सर माइक, मिक्सिंग हेडफोनवर, प्लगइन फुकटचेच चालतील.

तर ३ सेकंदांची शेपटी ठेवून एकाच सेंडवर (सगळ्यांच्या सामायिक रिव्हर्बकडे) सगळं पाठवायचं की बोंगोला वेगळा छोटा रूम रिव्हर्ब द्यायचा, व्हायब्राफोनला प्री-डिले (मूळ सूर नि गुंज सुरू होणं यांतलं अंतर) साधारण किती ठेवू, आणि पक्षी लांब झाडावर बसल्यासारखे वाटायला त्यांचा ड्राय (गुंजेशिवायचा मूळ) सिग्नल पूर्ण काढावा का?