राजेरजवाड्यांच्या बग्ग्या, रथ, घोडागाड्या कुठं कुठं बघितल्या? या, लिहा (सांगली-मिरज-सातारकडच्यांनी तर नक्कीच)

मिरजेचा नातू

आजोबांचा टांगा होता मिरजेला. स्टेशन ते दर्गा, स्टेशन ते मिशन हॉस्पिटल, दिवसभर हेच. त्यामुळं कुठंही घोडागाडी दिसली की मी आधी खाली वाकून चाक बघतो, घरातली खोड आहे ती. मागच्या वर्षी भावाकडं पोर्तुगालला गेलो होतो, तर लिस्बनला बेलें म्हणून भाग आहे तिथं नुसत्या राजघराण्याच्या गाड्यांचं म्युझियम आहे. अमेलिया राणीनं १९०५ ला सुरू केलं, घोडे फिरवायचा जुना शाही हॉल होता त्यात, आणि २०१५ पासून बऱ्याच गाड्या जवळच्या नव्या बिल्डिंगीत हलवल्यात. नवी बिल्डिंग बघून बायको म्हणाली हे तर आपल्या मार्केट यार्डातलं हळदीचं गोडाऊन. खरंच तसंच आहे, पांढरं आणि प्रचंड, पण फायदा असा की गाडीच्या चारी बाजूंनी फिरून बघता येतं.

तिथं तीन गाड्या आहेत, १७१६ ला पाचव्या जुवाव राजानं रोमला पोपकडं वकील म्हणजे राजदूत पाठवला त्या मिरवणुकीतल्या. ब्राझीलचं सोनं तेव्हा नुसतं वाहत होतं, त्यामुळं हात आखडता घेतलेलाच नाही, मागची बाजू म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तींचं अख्खं देऊळ. एका गाडीच्या मागं दोन म्हातारे हात मिळवतायत, एक अटलांटिक आणि दुसरा आपला हिंदी महासागर! म्हणजे इकडं यायची वाट सापडली त्याचा डंका रोमच्या रस्त्यावर. सगळे त्या म्हाताऱ्यांचे फोटो काढत होते आणि मी गुडघ्यावर बसून खाली बघतोय तर काय, स्प्रिंगच नाही. जाड चामड्याचे पट्टे आणि त्यावर सगळा डबा पाळण्यासारखा लोंबकळतोय. आजोबांच्या टांग्याला निदान कमानी होत्या, पाट्यावर पाटा. तसल्या लंबगोल कमानीचं पेटंटच मुळी इंग्लंडात १८०४ चं. म्हणजे पोपच्या भेटीला निघालेला वकील मिरज स्टेशनच्या पॅसेंजरपेक्षा जास्त आदळत गेला असणार.

एक गाडी मात्र साधी आहे, उघडी, काळपट. १ फेब्रुवारी १९०८ ला कार्लुश राजा आणि युवराज यांना लिस्बनच्या चौकात ह्याच गाडीत गोळ्या घातल्या. लाकडात भोकं तशीच आहेत. तिथं मी वाकलो नाही.

तुम्ही कुठं बघितल्या? सोन्याची वर्णनं नकोत, ती गूगलवर आहेत. तुमच्या लक्षात काय राहिलं ते लिहा.

लंडनची आज्जी

लेकीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा जावयांनी बकिंगहॅम पॅलेसचे तबेले दाखवले, रॉयल म्यूज म्हणतात. सोन्याची गाडी तिथंच, १७६२ ची, चार टन वजन, आठ घोडे लागतात आणि ते पण चालतच, पळवता येत नाही. राणी एलिझाबेथनंच सांगितलं होतं की बसायला भयंकर आहे म्हणून. चार्ल्स राजा शहाणा, २०२३ ला राज्याभिषेकाला जाताना नव्या गाडीतून गेला, काचा बटणावर खालीवर होणाऱ्या, आणि येताना तेवढा सोन्याच्या गाडीत बसला. लोकांना दाखवायला बसावंच लागतं ना. पण मला खरं सांगू का, आवडलं काय तर वास. ते म्युझियम नाही नुसतं, घोडे राहतात तिथं, लीद, ओलं गवत, साजाच्या चामड्याला चोळलेलं तेल. जावयांनी रुमाल लावला नाकाला आणि मी आपली लहानपणी मिरज स्टेशनबाहेर टांग्याची वाट बघत उभी!

तासगावची लेक

चार टनाला आठ घोडे? आमच्याकडं या ऋषिपंचमीला, गणपतीचा रथ माणसं ओढतात दोरखंड धरून, घोडा एक नाही 😄 मी जयपूरला बघितलं, सिटी पॅलेसमध्ये बग्गीखाना आहे. १८७६ ला प्रिन्स ऑफ वेल्सनं दिलेली व्हिक्टोरिया बग्गी आहे, तिच्यासमोर ही गर्दी सेल्फीला. आणि बाजूला देवाच्या मिरवणुकीचा रथ, तिथं कुणी नाही. सासूबाईंनी तिथं चपला काढून नमस्कार केला, मग त्यांच्या मागं अजून दोनतीन बायका, मग रांगच लागली. आम्ही निघालो तेव्हा कुणीतरी दहाची नोट ठेवली होती दोरीच्या पलीकडं.

जतकर

ऑफिसच्या कामानं व्हिएन्नाला गेलेलो, एक दुपार मोकळी मिळाली तर शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात गाड्यांचं म्युझियम आहे तिथं घुसलो, खरं तर पाऊस आला म्हणून. तिथं एक काळी शववाहिका आहे, बादशाही घराण्याची. १८९८ ला ऑस्ट्रियाच्या सिसी राणीला तीच, १९१६ ला तिचा नवरा फ्रान्झ जोसेफ बादशहाला तीच, आणि शेवटची राणी झिटा, तिला थेट १९८९ ला! मी तेव्हा शाळेत होतो राव, आमच्या गावात टीव्ही आलेला आणि तिकडं बादशहाची घोडागाडी रस्त्यावर.

पण मी लई हसलो ते पुढं. नेपोलियनच्या पोराची बारकी गाडी आहे, खेळण्याएवढी, आणि ती ओढायला शिकवलेल्या मेंढ्या. मेंढ्या! आमचा आज्जा माडग्याळी मेंढरं राखायचा, कळपाला रस्ता ओलांडून न्यायचा म्हटलं तरी घसा फुटायचा, आणि ह्यांनी जोडी जुंपली. आईला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय एवढाच, "लोकर कापलीय का न्हाई?"

गावभाग

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. मला ही म्युझियमं बघवत नाहीत. ब्राझीलचं सोनं वाहत होतं म्हणे, खाणीत कोण होतं? आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं. दोन म्हातारे हात मिळवतायत आणि खाली कोण चेंगरलं ते कुठं कोरलंय?

मिरजेचा नातू

@गावभाग राग कशाला, बरोबर आहे तुमचं. मी लिहायला पाहिजे होतं.

कंदी पेढा सातारा

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला जाऊन काय झाले ते बघायचं तर जयविलास पॅलेस बघा. बग्ग्या आहेत, पालख्या आहेत, पण पोरं हलत नाहीत ती जेवणाच्या टेबलापासून, तिथं चांदीची रेल्वे आहे, रुळावरून पाहुण्यांसमोर दारू आणि सिगार फिरवायची. माझ्या धाकट्यानं विचारलं यात चटणी का नाही ठेवली. बरोबरच आहे, पंगतीत वाढप्यांचं निम्मं काम वाचलं असतं.

आणि राष्ट्रपतींची बग्गी कुणी जवळून बघितलीय का? फाळणीच्या वेळी भारत-पाकिस्ताननं टॉस उडवला आणि ती आपल्याकडं आली असं सांगतात. २०२४ च्या २६ जानेवारीला चाळीस वर्षांनी परत परेडला काढली तेव्हा आमचे वडील टीव्हीसमोर उभे राहिले. बग्गीसाठी का राष्ट्रपतींसाठी ते विचारलं नाही.

विश्रामबाग_०७

मी टांग्यात कधीच बसले नाही, घोडा म्हणजे महाबळेश्वरचा नाहीतर लग्नातला. एक शंका, आज्जी टांग्याबद्दल सांगताना "उलार झाला" म्हणायची, म्हणजे काय? आणि लिस्बनचं सोमवारी चालू असतं का?

मिरजेचा नातू

सोमवारी बंद. उलार म्हणजे मागं वजन जास्त झालं की दांड्या वर उचलतात आणि घोडा टांगल्यासारखा होतो. पुढं जास्त झालं तर दाबू, मग सगळा भार त्याच्या पाठीवर. टांग्याला चाकं दोनच, त्यामुळं आजोबांचं अर्धं काम म्हणजे माणसं मांडणं. जाड माणूस पुढं, पोरं मागं, ट्रंक पायाशी, आणि कोण बसलं न ऐकता तर "आज्जे, पुढं सरक, घोडं उडतंय." त्या सोन्याच्या गाड्यांना चार चाकं, तिथं राजा कुठंही बसला तरी चालतं.

आजोबांच्या टांग्याचं काय झालं असं दोघांनी मेसेज करून विचारलंय. रिक्षा वाढल्यावर घोडा विकला, सांगाडा पावसात कुजला, चाकांच्या लोखंडी धावा भंगारात गेल्या. पितळी दिवे तेवढे राहिले, दोन. एक आमच्याकडं आहे, एक काकांकडं, आणि तीस वर्षं झाली दोन्ही घरं एकमेकांना म्हणतायत की तुमचा द्या म्हणजे जोडी होईल.