राजीनामा : दिला, घेतला की देऊ केला?

प्रश्न : मंत्री एकच, पण एका बातमीत तो ‘राजीनामा देतो’, दुसरीत ‘पायउतार होतो’, तिसरीत त्याची ‘गच्छंती’ होते आणि चौथीत त्याला ‘डच्चू’ मिळतो. हे सगळे समानार्थी धरायचे का?

— मुळीच नाही. राजीनामा म्हणजे मुळात राजीखुशीचा कागद. महसुली दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. मंत्री तिकडे इस्तीफा देतो. आपण मात्र ‘राजीनामा घेतला’ असंही बिनदिक्कत म्हणतो. राजीखुशी दुसऱ्याकडून घ्यायची! तरी खरी बातमी त्या क्रियापदातच असते. ‘घेतला’ वाचलं की समजावं, वरून निरोप आला होता.

— त्यात ‘देऊ केला’ही धरा. १९५६मध्ये मेहबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात अरियालूरचा अपघात झाला आणि मग दिलेला स्वीकारला गेला. माणूस तोच, खातं तेच, क्रियापद वेगळं.

— गच्छंती म्हणजे संस्कृतातलं ‘जातात’. क्रियापदाचं आपण नाम केलं आणि वर कुत्सित सूर चढवला. स्वतःहून गेलेल्याला हा शब्द लावू नये. ‘डच्चू’ फेरबदलातला, त्यात कारण सांगायची कुणाला गरजच वाटत नाही. ‘बडतर्फ’ त्याहून कडक, तिथे मंत्र्याच्या कागदाची वाटच पाहत नाहीत. राज्यघटनेनुसार मंत्री राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो, आणि ती मर्जी व्यवहारात पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांची.

— आणि मतभेदांमुळे गेलेल्यांचं काय? डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल हे त्यातलं मोठं कारण, पण परराष्ट्र धोरण आणि अनुसूचित जातींबद्दलची अनास्थाही त्यांच्या निवेदनात आहे. चिंतामणराव देशमुखांनी १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थखातं सोडलं. इथे ‘पायउतार’ लिहिणं मला खटकतं. पायउतार होणाऱ्याला कुणीतरी उतरवत असतं. इथे ‘पद सोडलं’च हवं.

— ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून’ हा तर साचाच झालाय. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर केंद्रात शिवराज पाटील आणि राज्यात आर. आर. पाटील दोघांनीही गृहखातं सोडलं, तेव्हा तो शब्दशः लागू होता. एरवी चौकशी दाराशी आली की हीच ओळ निघते. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ तिची धाकटी बहीण.

— ‘खिशातले राजीनामे’ राहिलेच की! २०१४ ते २०१९च्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री ते घेऊन फिरत होते. यांना देणं, घेणं, स्वीकारणं, कुठलंच क्रियापद लागलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता : मग ‘स्वेच्छेने राजीनामा’ ही द्विरुक्ती?

— व्युत्पत्तीने द्विरुक्ती, पण बातमीत हल्ली तसं मुद्दाम लिहावं लागतं.