एक्सची नोकरी गेली, मुलीची पोटगी आपोआप बंद होते का?

चिमणीची_आई
नमस्कार, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचा म्युच्युअल कन्सेंटने घटस्फोट झालाय, पुण्याच्या फॅमिली कोर्टात. मुलगी दुसरीत आहे, माझ्याकडेच असते. मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, कन्सेंट टर्म्समध्ये फक्त मुलीचे महिना १८ हजार आणि शाळेची अर्धी फी एवढंच. आत्तापर्यंत पैसे वेळेवर यायचे, खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्यात त्याच्या कंपनीत लेऑफ झाले त्यात हा पण गेला आणि आता व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय की जॉब नाही तर पोटगी पण नाही, लागला की बघू, वकिलाला विचारलंय. माझा पगार ३२ हजार, त्यात घरभाडं, पाळणाघर, स्कूल व्हॅन. बाबा म्हणतात लगेच केस टाक. भाऊ म्हणतो त्याचीच नोकरी गेलीय तर कोर्ट तरी काय करणार, वकिलाची फी उगाच जाईल. खरंच आपोआप बंद होतं का हो? आणि तो दर रविवारी मुलीला न्यायला येतो, पैसे देत नाही तर पाठवतेस कशाला असं आईचं चाललंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा, "धीर धर" सोडून काहीही चालेल.

खवचट_काका
नोकरी गेली म्हणून बँक होम लोनचा हप्ता माफ करते का? मग पोरीचाच हप्ता बरा आठवला पहिला बंद करायला. बाकी कायद्याचं जाणकार सांगतील.

काळा_कोट_पुणे
मी फॅमिली मॅटर्स करते म्हणून लिहिते, पण तुमचे कागद बघितलेले नाहीत हे धरून चाला.

आपोआप काहीही बंद होत नाही. डिक्रीत (कोर्टाच्या अंतिम हुकुमात) १८ हजार लिहिलेत ना, मग कोर्ट तो आकडा बदलत नाही तोवर दर महिन्याला १८ हजार चढत राहणार, त्याला जॉब असो नसो. कमी करून हवे असतील तर परिस्थिती बदलली म्हणून अर्ज त्यानेच करायचा. हिंदू विवाह कायद्यात मुलांसाठी कलम २६ आहे, त्याखाली डिक्री झाल्यानंतरही कोर्ट मुलांच्या खर्चाचा हुकूम बदलू शकतं. ज्यांची ऑर्डर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीच्या कलम १२५ खाली आहे (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं) त्यांना रक्कम बदलायला पूर्वी १२७ होतं, आता १४६. व्हॉट्सॲपवर "जमणार नाही" लिहिणं यातल्या कशातच बसत नाही. तो मेसेज मात्र जपून ठेवा.

आता भावाचं म्हणणं. नोकरी खरोखर गेली असेल तर कोर्ट ते बघतं, अगदी दगड नाहीये. काही महिन्यांसाठी रक्कम कमी करणं किंवा थकबाकीचे हप्ते पाडून देणं असं होऊ शकतं. पण धडधाकट, शिकलेल्या बापाला मुलासाठी शून्य करून मिळणं फार अवघड. अंजू गर्ग केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शरीराने सक्षम नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना पण बायकोमुलांना पोसायलाच हवं. आज खिशात किती आहे एवढंच बघत नाहीत, शिक्षण काय, आधीचा पगार किती, कमवायची ताकद किती हे सगळं बघतात. दुसरी बाजू पण सांगते, तुम्ही कमावत्या आहात हे पण मोजलं जाणार. पद्मजा शर्मा केसमध्ये, २००० सालची आहे, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आईवडील दोघं कमावत असतील तर मुलांचा खर्च पगाराच्या प्रमाणात दोघांनी उचलायचा. म्हणजे तो पुढे अर्ज घेऊन आला तर तुमची पेस्लिप नक्की मागितली जाईल.

वसुलीला तुमच्या केसमध्ये दरखास्त (डिक्रीची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) टाकावी लागेल, डिक्री आहे म्हणून. १२५/१४४ वाल्या बायकांनी मात्र एक तारीख डोक्यात ठेवा, वॉरंटने वसुली हवी असेल तर पैसे देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला पाहिजे, कितीजणी तिथेच फसतात.

आणि रविवारची भेट अडवू नका, प्लीज. पैसे आणि भेट कोर्टाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही अडवलंत तर तोच तुमच्याविरुद्ध अर्ज घेऊन येईल. शिवाय मुलीने काय केलंय?

हिंजवडी_फेज३
दुसऱ्या बाजूचा आहे, शिव्या नका देऊ. माझाही जॉब गेला होता आणि मुलाचे पैसे चालू होते. लोकांना वाटतं आयटीवाला म्हणजे ह्याच्याकडे पडलेलेच असतील, पण ईएमआय, आईची औषधं, आणि इंटरव्ह्यूला गेलं की गॅप का आहे म्हणून वर तोंड करून विचारतात. मी काय केलं सांगतो, हे तुमच्या एक्सला पण फॉरवर्ड करा पाहिजे तर. टर्मिनेशन लेटर आलं त्याच आठवड्यात वकिलाकडून अर्ज टाकला, सोबत शेवटच्या पेस्लिपा, बँक स्टेटमेंट, कुठे कुठे अप्लाय केलं त्या मेल्सच्या प्रिंट. आणि पूर्ण जमत नव्हते तरी दर महिन्याला जेवढे जमतील तेवढे टाकत राहिलो, ते पण बँकेतूनच, कॅश एकदा पण दिली नाही, कारण कॅश दिली की दिलीच नाही असं होतं. जज मॅडमनी ते स्टेटमेंट बघितलं आणि काही काळासाठी रक्कम कमी करून दिली, नवीन जॉब लागला की कळवायचं या अटीवर. माझ्याच बॅचचा एकजण नोकरी लागेपर्यंत गप्प बसला, त्याला वाटलं नंतर कोर्टाला सांगू की तेव्हा नोकरी नव्हती. मागचे सगळे भरावे लागले. जुनी थकबाकी माफ होईल या आशेवर बसू नये, कमी झालीच तर सहसा अर्ज केल्यापासून पुढची होते.

पण "डायरेक्ट जेलमध्ये टाका" वाले पण येतील इथे आता. माणूस आत गेला तर इंटरव्ह्यू कोण देणार?

नाशिकची_ठसकेबाज
येणारच की, आले मी. फेज३ भाऊ तुम्ही सरळ असाल पण सगळे नसतात. आमच्याकडे पोटगीचा अर्ज चालू असतानाच साहेबांनी राजीनामा दिला, काढलं नव्हतं, स्वतः दिला, आणि कोर्टात सांगितलं बेरोजगार आहे. इकडे लिंक्डइनवर "फ्रीलान्स कन्सल्टंट", तिकडे चुलत भावाच्या फर्मच्या साईटवर फोटो 😀 माझ्या वकिलांनी ॲफिडेव्हिट मागितलं. २०२० ला सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा निकाल आलाय ना, तेव्हापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनी आपलं उत्पन्न, खाती, मालमत्ता, कर्ज सगळं शपथपत्रावर द्यायचं असतं. ते भरताना घाम फुटला त्याला. खात्यात दर महिन्याला "उसने" म्हणून ठरावीक रक्कम यायची, एकाच माणसाकडून, एकाच तारखेला. कोर्टाने डिग्री आणि जुना पगार धरून आकडा लावला. तेव्हा ताई पहिलं हे शोधा की लेऑफ खरा आहे की नाही. खरा असेल तर माणुसकीने घ्या, नसेल तर अजिबात नाही.

आणि जेलचं म्हणाल तर आत जाऊन आलं म्हणजे पैसे फिटले असं पण नाहीये बरं का, काळा कोट ताई बरोबर ना?

काळा_कोट_पुणे
बरोबर. कुलदीप कौर केस, १९८९, सुप्रीम कोर्ट. जेल हा पैसे काढून घ्यायचा मार्ग आहे, भोगून आला तरी बाकी तशीच. पण ते १२५/१४४ चं झालं आणि फेज३ म्हणतात त्यात तथ्य आहे, खरोखर नोकरी गेलेल्या माणसावर पहिलं हत्यार ते उचलू नये असं माझं मत. पगार जप्तीचा पण आत्ता उपयोग नाही, पगारच नाही तर कापणार कशातून.

चिमणीची_आई
सगळ्यांना खूप थँक्स, रात्री दोनदा वाचलं. लेऑफ खरा आहे, त्याच्या टीममधली एकजण माझ्या ओळखीची आहे. फेज३ दादा तुमचा मेसेज त्याला जसाच्या तसा पाठवला, आधी चिडला, मग फोन आला की सहा महिने १० हजार देतो, फी आत्ता तू भर, नंतर हिशेब करू. मला खरं तर चालेल. फक्त हे आमच्या आमच्यात कागदावर लिहून सह्या केल्या तर पुरेल का? परत कोर्टाची पायरी चढायची इच्छा नाहीये.

काळा_कोट_पुणे
इच्छा कोणालाच नसते 🙂 पण घरच्या कागदाने डिक्री बदलत नाही. त्याच्यासाठी पण धोका आहे, उद्या भांडण झालं तर तुम्ही दर महिन्याचे उरलेले आठ हजार मागू शकता. तुमच्यासाठी धोका असा की "तिनेच कायमचं कमी करायला होकार दिला" असं तो म्हणेल. दोघं तयार आहात तर काम सोपं आहे, त्याने अर्ज टाकायचा आणि दोघांच्या सहीची जॉईंट पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्यायची. त्यात स्पष्ट लिहून घ्या: १० हजार कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, सहा महिन्यांनी आपोआप परत १८, त्याआधी जॉब लागला तर किती दिवसात कळवायचं, आणि फीचा अर्धा वाटा माफ नाही तर पुढे ढकललाय. "नंतर हिशेब करू" हे शब्द पुरशिशीत नकोत. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हिंजवडी_फेज३
अजून एक, फुल अँड फायनल (नोकरी सुटल्यावर कंपनी देते तो शेवटचा हिशेब) आलं का विचारा त्याला. नोटीस पे, लीव्ह एनकॅशमेंट, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, बऱ्यापैकी रक्कम होते एकदम. ती यायची असेल तर फीचा वाटा त्यातून द्यायचं पुरशिशीतच टाका, सहा महिने थांबायची गरज नाही.

चिमणीची_आई
नाही आलंय अजून, पुढच्या महिन्यात येईल म्हणाला. टाकते हे पण. मंगळवारी हाफ डे घेतलाय, विधी सेवावाल्यांकडे जाऊन येते.