मदत हवी आहे: वेंगुर्ल्यातली छोटी गॅलरी चालू ठेवावी की 31 मेला चावी परत द्यावी?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

वेंगुर्ल्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी आर्ट गॅलरी आहे. गॅलरी म्हणजे काय, तर जुन्या चिरेबंदी घराची ओटी आणि माजघर, वर मंगलोरी कौलं. 2022 च्या डिसेंबरात सुरू केली. चिपीचा विमानतळ झाला होता, गोव्यातला मोपाचा होत होता. वाटलं, आता माणसं येतील. माणसं आली, पण मालवणला नाहीतर थेट गोव्यात. आमच्या गल्लीत येतात ते वाट चुकलेले.

चित्रं आजच्या मुलामुलींची ठेवते. सावर्ड्याच्या, कोल्हापूरच्या, जेजेच्या कला महाविद्यालयांतून बाहेर पडलेली, इथेच राहून काम करू पाहणारी. समुद्र, नारळ, बैलगाडी नाही. शेजारच्या काकी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ह्यां काय चित्र? आमचो झील ह्याच्यापेक्षा बरां काढता." आता त्याच येणाऱ्यांना समजावून सांगतात, तेही माझ्यापेक्षा बरं.

हिशोब असा. महिन्याला भाडं 9,000, मदतीला येणाऱ्या मुलीचे 6,000, वीज सरासरी 2,500 (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र घेतलंय), किरकोळ 1,500. वर्षाचे 2,28,000. गेल्या वर्षी 11 चित्रं विकली, 1,46,000 ची. माझं कमिशन 35 टक्के, म्हणजे 51,100. फोटो आणि देवाच्या तसबिरी फ्रेम करून साधारण 90,000 सुटले. बाकीची तूट माझ्या ठेवीतून भरली. 2025 ला 20 मेच्या सुमारास जो पाऊस लागला त्याने सीझनचे शेवटचे दहा-बारा दिवस खाल्ले, आणि माझी निम्मी विक्री मेमध्ये होते. त्याच वर्षी चित्रकार हुसेन यांचं एक चित्र न्यूयॉर्कला 118 कोटींना आणि गायतोंडे यांचं एक 67 कोटींना गेलं. तेव्हापासून प्रत्येक जण आत येऊन हसत विचारतो, "मग हे किती कोटीला?" आठ हजार म्हटलं की हसणं थांबतं.

अकरा महिन्यांचा करार 31 मेला संपतो. मालक 10,000 मागतायत. प्रश्न तीन.

1. पावसाळ्यात बुरशीचं काय करू? जुलैत एका कागदावरच्या कामाला काचेच्या आतून, माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) कडेने तिळासारखे काळे ठिपके आले. यंत्र दिवसभर चालू होतं.
2. चित्रांचे प्रिंट काढून पाचसहाशेला विकावेत का?
3. करार करावा का?

---

पट्टीवाला

मी कुडाळात वीस वर्षं फ्रेमिंग करतोय, म्हणून फक्त पहिल्याचं सांगतो.

कौलारू घरात ते यंत्र लावून तुम्ही अख्ख्या वेंगुर्ल्याची हवा सुकवताय. कौलांच्या फटीतून आत येणार तेवढंच ते ओढणार. यंत्र बंद खोलीत चालतं. एक छोटी खोली घ्या, खाली छत मारून घ्या, दाराला रबरी पट्टी लावा आणि मग लावा. शंभर-दोनशेचा आर्द्रता मापक टांगा. काटा पन्नास-साठच्या मध्ये राहिला पाहिजे.

दुसरं, चिऱ्याची भिंत पाणी पिते. फ्रेम भिंतीला टेकवू नका, खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, बोटभर हवा खेळली पाहिजे. कागद काचेला चिकटता कामा नये, माउंट जाड घ्या. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) लावत असाल तर बंद करा, पावसात पापडासारखा फुगतो. आणि चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आतून घाम येतो. जुन्या सुती साडीत ठेवा.

रत्नांग्रीकर

एका बाजूला काजूगर, आगळ, आमसुलं ठेवा. चित्रांचा खर्च निघेल.

धागाकर्ती

@पट्टीवाला, साडीचं ऐकून आई खूश होईल. एमडीएफच लावत होते, हो.

@रत्नांग्रीकर, तेही झालंय. आगळाची एक बाटली उन्हाने फसफसली आणि खाली टेकवलेल्या कॅनव्हासवर ओघळ गेला. चित्रकाराने तो तसाच ठेवायला सांगितला. विकलं मात्र नाही.

चाकरमानी_डोंबिवली

गणपतीला गावी आलो की तुमच्या गल्लीतून जातो. तुमचीच असेल तर दोनदा ओटीपर्यंत येऊन परत फिरलोय. कारण सांगतो. कुठेच किंमत लिहिलेली नाही. विचारली आणि परवडली नाही तर बायकोसमोर तोंड कुठे लपवू? सोन्याच्या दुकानातसुद्धा दर लिहिलेला असतो.

आणि आम्ही रेल्वेने जातो. हातात पिशव्या, नारळ, फणसाचे गरे, मूल. तीन फुटी चित्र बर्थवर कुठे ठेवायचं? वहीच्या पानाएवढं, पुठ्ठ्यासकट पिशवीत सरकणारं, दीड-दोन हजारांपर्यंतचं काही असेल तर मी नक्की घेईन.

हिशेबनीस

प्रिंटचं आधी. मूळ चित्र तुमच्याकडे आहे किंवा तुमच्याकडून कुणी विकत घेतलंय, म्हणून प्रिंट काढायचा हक्क मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, त्याने लेखी लिहून दिला नसेल तर. तेव्हा चित्रकाराची लेखी परवानगी, किती प्रती काढणार तो आकडा, प्रत्येक प्रतीमागे त्याचा वाटा, आणि प्रतीवर त्याची सही व क्रमांक. एवढं करून काढा.

आता एक खटकलं ते विचारतो. विक्री 1,46,000, कमिशन 51,100, म्हणजे चित्रकारांचे 94,900. ते सगळे दिले गेलेत? तुम्ही सगळं लिहिलंत, एवढंच लिहिलं नाहीत.

धागाकर्ती

नाही.

डिसेंबरात एक मोठा कॅनव्हास 60,000 ला एका रिसॉर्टवाल्यांनी घेतला. माझ्याकडची आजवरची सगळ्यात मोठी विक्री. पैसे जानेवारीत आले. त्यातले 39,000 चित्रकाराचे. त्याच आठवड्यात तीन महिन्यांचं थकलेलं भाडं दिलं, 27,000, आणि काचवाल्याचे 12,000. बरोबर 39,000. वाटलं होतं, फेब्रुवारीत भरून काढू. आता एप्रिल आहे. चित्रकार मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. त्याचा फोन आला की मी "बाहेर आहे" म्हणते.

हे धाग्यात लिहिणार नव्हते.

हिशेबनीस

लिहिलंत ते बरं केलंत. कठोर बोलतो, राग मानू नका. ते पैसे तुमच्या व्यवसायाचे नव्हतेच. माल त्याचा होता, तुम्ही विकून देणाऱ्या. त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न अजून उभाच राहत नाही. आधी 39,000, मग करार.

आजच बँकेत दुसरं बचत खातं उघडा. चित्राचे पैसे आले की चित्रकाराचा वाटा त्याच दिवशी तिकडे. भाड्याला त्या खात्याचं तोंडही दिसता कामा नये. आणि प्रत्येक चित्र ठेवून घेताना एक पानभर कागद करा: किंमत, तुमचे टक्के, विकल्यावर किती दिवसांत पैसे, नुकसान झालं तर कुणाचं. सध्या काहीच लेखी नसणार असं धरून चालतो.

ओलारंग

मी चित्र काढतो. माझेही पैसे एका शहरातल्या गॅलरीकडे अडकले होते, दीड वर्ष. पैसे नंतर मिळाले. पण त्या दीड वर्षात फोन उचलला नाही ते अजून डोक्यात आहे. तेव्हा "सध्या नाहीत, जुलैत देते" एवढं कुणी म्हटलं असतं तर मी आणखी चार चित्रं पाठवली असती.

मालकांशी बोलून बघा. जून ते ऑगस्ट निम्मं भाडं, ओटी बंद, एका खोलीत चित्रं आणि फ्रेमिंगचं काम. या वर्षी गणपती 14 सप्टेंबरला आहेत, तेव्हा ओटी उघडा. पावसात तसंही कोण येतं?

धागाकर्ती

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा.

फोन केला. त्याला चित्र विकलं गेलंय हेच माहीत नव्हतं. माझे "बाहेर आहे" ऐकून त्याला वाटलं, चित्र कुणी घेत नाहीये आणि ताईंना सांगायला लाज वाटतेय, म्हणून तोही विचारत नव्हता. मी सगळं सांगितलं, भाडं, काच, सगळं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 13,000 चे तीन हप्ते करा, पहिला पावसाआधी द्या, घराची कौलं शाकारायची आहेत. पहिला हप्ता काल पाठवला, माझ्या ठेवीतून. नंतर त्याने विचारलं की चित्र तिथे कुठे लावलंय. मला सांगता आलं नाही. रविवारी रिसॉर्टवर जाऊन फोटो काढणार आहे.

मालक म्हणतात, निम्मं भाडं नाही, पण पावसाचे तीन महिने 7,000 चालतील, नंतर 10,000. माजघराच्या आतल्या खोलीला छत मारायचा खर्च माझा. सुताराला बोलावलंय, त्याचा आकडा आला की मगच करारावर सही. आकडा मोठा असला तर चावी देईन, हे घरी सांगून ठेवलंय.

किमतीच्या चिठ्ठ्या आजच लावल्या. काकींनी सगळ्या वाचल्या आणि दोन ठिकाणी "उगीच सवंग" म्हणाल्या.

@पट्टीवाला, बुचाच्या चकत्या नक्की कुठे मिळतात? इथला हार्डवेअरवाला मला बाटलीची बुचं दाखवतोय.

पट्टीवाला

तीच घ्या. सुरीने कापा, अर्धा पेर जाडीची. एका बुचात तीन चकत्या निघतात.