2009 ची पेट्रोल गाडी, ॲव्हरेज 16 वरून 11 वर आलंय, काय करू?

सुरूरचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1100 सीसीची. पंधरा वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स वगैरे भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय त्यामुळे विकून टाका हा सल्ला प्लीज नको. दर शनिवारी पुणे ते सातारा, रविवारी परत, बाकी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी नाहीतर भाजी आणायला. हायवेला आरामात 16 द्यायची, या उन्हाळ्यापासून 11 वर आलीये. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, ऑइल बदललं, तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय, सगळ्यांचंच झालंय. घरी म्हणतात एसटीने जा.

नोझल:
11 कसं मोजलं ते सांगा आधी. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा बघणारे असाल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. टाकी फुल करा, ऑटो कट झालं की थांबायचं, पंपवाला "राउंड फिगर करू का" म्हणाला तरी नाही म्हणायचं. मग तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत भरा आणि भागाकार करा.

सुरूरचा_पाहुणा:
तसंच मोजलंय हो. 312 किमी, 27.6 लिटर. म्हणजे 11.3.

चौथा_गिअर:
मग इथेनॉलवर सगळं ढकलता येत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरंय, आणि पंपावर आता 20 टक्के मिसळलेलं मिळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज 6-7 टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. पण 16 चे 7 टक्के म्हणजे एक किलोमीटर, फार तर सव्वा. तुमचे पावणेपाच गेलेत, बाकीचे कुठे गेले ते गॅरेजवाल्याला विचारा.

बापू_58:
टायरमध्ये हवा ठेवा बरोबर, डिकीतलं सामान काढा, आणि घाट उतरताना न्यूट्रल करायची. मी 35 वर्षं असंच चालवतोय.

गिअरबॉक्स_काका:
बापू, राग मानू नका पण हे न्यूट्रलचं सोडा आता. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ठीक होतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उतारावर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी पेट्रोल जळत राहतं, म्हणजे वाचत तर काही नाहीच वर इंजिनचा ब्रेक गेला. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकनी काय केलंय ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

पाहुणे, तुमच्यासाठी दोन गोष्टी, दोन्ही फुकटच्या. पहिली, साताऱ्याला पोचलात की शक्यतो ब्रेक न मारता गाडी थांबवा, उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या (लगेच टेकवू नका, भाजेल), एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तो ब्रेक धरून ठेवतोय. आठवडाभर उभी राहणाऱ्या गाडीत, त्यात हँडब्रेक ओढून, हे हमखास होतं. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक दाबणारा भाग) पिना साफ करून ग्रीस लावलं की सुटतो, मागच्या ड्रमलाही तसंच, खोलून साफ करायचे. दुसरी, हायवेला अर्धा तास चालवल्यावर टेम्परेचरचा काटा कुठे असतो? मध्याला असतो की खालीच लोळतो?

सुरूरचा_पाहुणा:
काका तुम्ही ज्योतिषी आहात का? काटा पाव पण चढत नाही, मला वाटलं चांगलंच आहे, गाडी थंड राहतेय. एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना तापली होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये रेडिएटर साफ केला आणि त्यांनी काहीतरी "व्हॉल्व्ह" काढून टाकला, म्हणाले आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही.

गिअरबॉक्स_काका:
सापडलं. तो थर्मोस्टॅट. इंजिन 80-85 डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत तो रेडिएटरकडचं पाणी अडवतो. तो काढला की हायवेच्या वाऱ्यात इंजिन कायम अर्धं थंड, ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीये, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. जुन्या गाडीत चोक ओढून पुण्याहून साताऱ्याला जाण्यासारखं आहे हे. आणि गाडी तापली होती ती फॅनमुळे किंवा चोंदलेल्या रेडिएटरमुळे, व्हॉल्व्हचा काय दोष! नवा बसवा, स्वस्त पार्ट आहे. पाणी नको, कूलंटच भरून घ्या.

चौथा_गिअर:
आणि पेट्रोलमध्ये टाकायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्या गळ्यात मारतील, घेऊ नका.

सुरूरचा_पाहुणा (दोन आठवड्यांनी):
अपडेट. थर्मोस्टॅट बसवला, काटा आता बरोब्बर मध्याच्या जरा खाली थांबतो. डावीकडचं मागचं चाक खरंच तापत होतं, ड्रम उघडला तर आत गंजाचा भुगा, साफ केला. टायरमध्ये 30 हवा पाहिजे होती, होती 22-23. एसी लावून, 80 च्या पुढे न जाता, त्याच पंपावर 342 किमीला 23.8 लिटर, म्हणजे 14.4 पडलं. बापू, न्यूट्रल न करता हां. रेडिएटरचा फॅन पण चेक केला, कनेक्टर सैल होता, फॅन कधी फिरायचा कधी नाही. एप्रिलमध्ये गाडी तापली ती यानेच असणार.

बापू_58:
कनेक्टर नुसता दाबून बसवलाय की बदललाय? दाबलेला परत सुटतो.

सुरूरचा_पाहुणा:
दाबलाय :( शनिवारच्या आत बदलतो.