एव्हन एक नाही, अनेक

कोणी कोणी म्हणतं की इंग्लंडमधली, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावची एव्हन नदी पुढे ब्रिस्टलवरून समुद्राला मिळते. नाही हो, या दोन वेगळ्या नद्या आहेत! स्ट्रॅटफर्डची एव्हन ट्यूक्सबरीला सेव्हर्न नदीत संपते. बाथ, ब्रिस्टलकडची एव्हन निराळी. ती एव्हनमथला सेव्हर्नच्या खाडीत शिरते. शेवटी दोघी सेव्हर्नच्याच पदरात, म्हणून घोळ होणं साहजिक आहे. तिसरी एव्हन सॉल्सबरीवरून दक्षिणेला जाऊन क्राइस्टचर्चपाशी इंग्लिश खाडीला मिळते.

मुळात एव्हन हे विशेषनामच नव्हतं. इंग्रजीच्या आधी ब्रिटनमध्ये बोलल्या जाणाऱ्या जुन्या ब्रिटॉनिक भाषेत त्याचा अर्थ नुसता 'नदी', आणि वेल्श भाषेत नदीला आजही 'आव्हॉन'च म्हणतात. नंतर आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी ते नाव समजून पुढे 'रिव्हर' जोडलं. थोडक्यात नदी नदी, आपल्या पिवळ्या पीतांबरासारखं.