मायस्थेनिया ग्रेव्हिस: भीती वाटते तेव्हा नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

मायस्थेनिया ग्रेव्हिस (एमजी) म्हणजे नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचल्याने स्नायू लवकर थकण्याचा आजार. धाग्यात मागणं एकच: ‘धीर धरा’ सोडून काहीही लिहा. काय मोजायचं, काय टाळायचं, डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढंच. आजार कसा कळला याच्या कहाण्या साधारण सारख्याच असतात, त्या इथे नकोत.

*

सुरुवात श्वासापासून, कारण रात्री दोनला तीच भीती उठवते. घाबरल्यानेही दम लागतो आणि स्नायू थकल्यानेही. आतून दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून मोजा. ताठ बसून छातीभर श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात, सेकंदाला साधारण दोन या वेगाने, मोठ्याने आकडे म्हणा. निरोगी प्रौढ माणूस ५०च्या आसपास पोचतो. आपला आकडा बऱ्या दिवशी, रोज ठरावीक वेळी (पायरिडोस्टिग्मीनच्या गोळीनंतर तासाभराने, म्हणा) घेऊन लिहून ठेवलेला हवा, नाहीतर रात्री तुलना कशाशी करणार? नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच खाली किंवा २०च्या आत अडलात, तर सकाळची वाट पाहायची नाही. थेट इमर्जन्सी.

ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. ९७ दिसतंय म्हणून घरी थांबणं ही फार सर्रास होणारी चूक. यात बिघाड फुप्फुसात नसतो, भाता ओढणाऱ्या स्नायूंत असतो. आधी कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ऑक्सिजन अगदी शेवटी घसरतो.

*

घरच्यांसाठी भर. उताणं झोपल्यावर दम लागणं, खोकल्यात जोर नसणं, प्यायलेलं पाणी नाकातून येणं, मान उचलून न धरता येणं: यातलं एक जरी नव्याने दिसलं तर आकडा कितीही चांगला असो, निघायचं. आडवं झोपवू नका, बसवून न्या. आणि वाटेत सारखं ‘कसं वाटतंय?’ विचारू नका, बोलण्यात उरलीसुरली ताकद जाते. हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवा.

*

भीतीवरची औषधंच इथे घात करू शकतात, हे कुणी सांगत नाही. छातीत धडधडतं म्हणून दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल अशक्तपणा वाढवू शकतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या श्वास मंद करतात, त्यामुळे आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय एकही नाही. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम तर सरळ धोक्याचं. झोपेसाठी म्हणून मिळणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्याही विचारूनच.

अँटिबायोटिक्समध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याची भावंडं, अ‍ॅझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही अशक्तपणा वाढवू शकणारी नावं कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. पण जंतुसंसर्ग अंगावर काढणं त्याहून वाईट, कारण क्रायसिस (श्वासाचे स्नायूच थकून जाण्याची अवस्था) ओढवण्याचं सर्वांत नेहमीचं कारण संसर्गच. म्हणजे ‘अँटिबायोटिक नको’ असं नाही म्हणायचं, ‘यातलं सोडून दुसरं चालेल का?’ असं विचारायचं. भूल द्यायची वेळ आली तर तेच कार्ड भूलतज्ज्ञांच्या हातात. बोटॉक्सही त्याच यादीत.

*

पायरिडोस्टिग्मीनबद्दल, म्हणजे स्नायूंना काही तास ताकद देणाऱ्या रोजच्या गोळीबद्दल, थोडक्यात. परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो, तीन-चार तास टिकतो. जेवताना ठसका लागत असेल तर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या, आणि बोलणं जेवणानंतर. घाबरून मनाने एक गोळी जास्त घेणं हा मोठा सापळा आहे. पोटात कळा, जुलाब, तोंडाला सुटणारं पाणी, स्नायू फडफडणं दिसलं तर डोस जास्त होतोय, आणि जास्त डोसनेही अशक्तपणाच येतो! तेव्हा आणखी गोळी म्हणजे आगीत तेल.

*

आशेचं म्हणाल तर तिला कॅलेंडर लागतं. स्टिरॉइड मोठ्या डोसने सुरू केलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास वाढू शकतो. म्हणून बरेच डॉक्टर कमी डोसपासून चढत जातात. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून हाय खातो, किंवा एकदम बंद करतो, जे त्याहून घातक. अ‍ॅझाथायोप्रिनचा (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा) गुण दिसायला ६ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर रक्ततपासण्या चालू ठेवायच्या आणि तिसऱ्या महिन्यात निकाल लावायचा नाही. थायमस (छातीतली एक ग्रंथी) काढण्याचंही तसंच, फायदा महिन्या-वर्षांनी दिसतो. उलट आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीज) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं दिवसांत काम करतं, पण काही आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं की आजार उलटला असं वाटतं. तसं नाही, त्याची मुदतच तेवढी.

जाता जाता: १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा आजार क्युरारेच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या) बाधेसारखा दिसतो. मग त्यावरचा उतारा, फायसोस्टिग्मीन, टोचून बघितला आणि झुकलेली पापणी वर आली. आपली रोजची गोळी त्याच घराण्यातली.

*

वरच्या कॅलेंडरला वही जोडा. एमजी-एडीएल नावाची प्रश्नावली आहे: बोलणं, चावणं, गिळणं, श्वास, दात घासणं-केस विंचरणं, खुर्चीतून उठणं, दोन-दोन दिसणं, पापणी पडणं. प्रत्येकाला ० ते ३, एकूण २४. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी भरायची. रोज भरली तर चढउतारच दिसतात आणि जीव टांगणीला लागतो. दोन गुणांचा फरक खरा धरतात, एकाचा सोडून द्या. मागचं पान न बघता भरायचं, आणि तपासणीला जाताना शेवटच्या आठ बेरजा एका ओळीत लिहून न्यायच्या. डॉक्टर तीच ओळ आधी वाचतात.